रविवारचे बंद पंप आणि विनेबागोचा समभाग

१/ १९७१ साल संपले तेव्हा न्यूयॉर्क शेअर बाजारात ज्या समभागाच्या तेजीची सर्वाधिक चर्चा होती, तो संगणक बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता आणि तेल उपसणाऱ्या कंपनीचाही नव्हता. आयोवा राज्यातील जेमतेम चार हजार वस्तीच्या एका गावात चाकांवरची घरे बांधणाऱ्या कारखान्याचा तो समभाग होता. एका वर्षातील त्याची वाढ होती ४६२ टक्के. कंपनीचे नाव विनेबागो इंडस्ट्रीज. पुढील तीन वर्षांत याच समभागाने आपले बहुतांश मूल्य गमावले. थ्रेड.

२/ या घसरणीचे पाठ्यपुस्तकी उत्तर सर्वांना ठाऊक आहे. अरब राष्ट्रांनी तेल रोखले, पेट्रोल महागले, आणि अवाढव्य गाड्या घेणे लोकांनी सोडून दिले. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. विनेबागोच्या कथेत तेलाच्या भावापेक्षा सरकारी निर्णयांचा वाटा मोठा आहे. आणि तो केवळ घसरणीत नाही, आधीच्या तेजीतही आहे.

३/ प्रथम गाव पाहू. फॉरेस्ट सिटी हे उत्तर आयोवातील विनेबागो परगण्याचे ठाणे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शेतीत यंत्रे वाढली, लहान शेते मोठ्या शेतांत विलीन झाली आणि शेतमजुरीवर जगणारी माणसे गाव सोडू लागली. मक्याच्या प्रदेशातील असंख्य गावांची तेव्हा हीच अवस्था होती. तरुण पिढी शहराकडे निघालेली आणि मागे उरलेल्या दुकानदारांना गिऱ्हाईक नाही.

४/ अशा वेळी गावातील काही व्यापारी एकत्र आले. त्यांचा पुढारी जॉन के. हॅन्सन. फर्निचरचे दुकान आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारी पेढी असे दोन्ही व्यवसाय तो चालवीत असे. (अमेरिकेच्या लहान गावांत ही जोडी अगदी नेहमीची. लाकूडकाम करणाराच शवपेटीही करी.) कॅलिफोर्नियातील एका कंपनीला गळ घालून या मंडळींनी १९५८ साली गावात प्रवासी ट्रेलरचा कारखाना आणला. तो काही महिन्यांतच बंद पडला. तेव्हा गावातल्याच माणसांनी पैसे उभे करून तो विकत घेतला आणि हॅन्सन त्याचा अध्यक्ष झाला. पुढे कंपनीने परगण्याचे नाव घेतले, विनेबागो.

५/ त्या नावालाही एक इतिहास आहे, आणि तोही सरकारी धोरणाचाच. विनेबागो हे मूळ रहिवासी असलेल्या एका जमातीला इतरांनी दिलेले नाव. ती जमात स्वतःला हो-चंक म्हणवते. अमेरिकन सरकारने १८४६ च्या तहाने हो-चंकांकडून आयोवातील भूमी घेतली आणि १८४८ साली त्यांना उत्तरेस मिनेसोटात हलवले. ज्यांना स्वतःची भूमी सोडून वणवण करावी लागली, त्यांचे नाव सव्वाशे वर्षांनी हौसेने भटकणाऱ्यांच्या गाड्यांवर झळकले. जाहिरात करणाऱ्यांच्या हे ध्यानीही आले नसावे.

६/ १९६६ साली विनेबागोने पहिले मोटरहोम बाजारात आणले. ट्रेलर दुसऱ्या गाडीमागे ओढावा लागतो. मोटरहोमचे तसे नाही. इंजिन, चालकाची जागा, बिछाने, शेगडी, शौचालय सारे एकाच सांगाड्यावर असते. आकाराने साधारण मिनीबसएवढे. अशी वाहने पूर्वीही होती, पण ती जवळपास हाताने घडवलेली आणि श्रीमंतांपुरती. हॅन्सनने ती फोर्डच्या चासिसवर, मोटारींप्रमाणे फिरत्या साखळीवर बांधण्यास आरंभ केला. भिंतीसाठी पातळ पत्रा आणि मधोमध फोम असलेला 'थर्मो-पॅनल' कारखान्यातच तयार होई. किंमत प्रतिस्पर्ध्यांच्या जवळपास निम्मी ठेवली. काही वर्षांतच अमेरिकन बोलीत 'विनेबागो' म्हणजेच मोटरहोम असा अर्थ रूढ झाला.

७/ येथवर ही उद्योजकतेची कथा वाटते, आणि अमेरिकेत ती तशीच सांगितली जाते. परंतु एक प्रश्न उरतो. हे वाहन १९४६ साली का खपले नसते?

८/ उत्तर रस्त्यांत आहे. २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर स्वाक्षरी केली. ४१,००० मैल, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटर लांबीचे आंतरराज्यीय महामार्ग बांधायचे आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकारने उचलायचा. त्यासाठी स्वतंत्र निधी उभारला गेला व पेट्रोलवरील केंद्रीय कर त्या निधीकडे वळवला. हा कर १९५९ पासून गॅलनमागे अवघे ४ सेंट होता आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ तेवढाच राहिला. बोजड, उंच आणि वळणावर डुलणारे वाहन साधारण चालकाने हाकायचे तर रस्ता रुंद, सरळ आणि कमी चढउताराचा हवा. असा रस्ता कोणत्याही कारखानदाराला बांधता आला नसता.

९/ दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच १९५६ साली राष्ट्रीय उद्यान सेवेने 'मिशन ६६' नावाची दहा वर्षांची योजना हाती घेतली. उद्यानांतील रस्ते, माहिती केंद्रे, तळ ठोकण्याच्या जागा, पाणी व सांडपाण्याची सोय यांवर १०० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. सेवेच्या पन्नासाव्या वर्षापर्यंत, म्हणजे १९६६ पर्यंत, काम पुरे करायचे असे ठरले होते. विनेबागोचे पहिले मोटरहोम साखळीवरून उतरले तेही १९६६ सालीच. हा योगायोग खरा, पण अर्थशून्य नाही. मुक्कामाची जागा सरकारने तयार केली आणि फॉरेस्ट सिटीने तेथे जाण्याचे वाहन.

१०/ म्हणजे १९७० साली कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात दाखल झाली तेव्हा तिच्या ताळेबंदात न दिसणारी दोन मोठी भांडवले तिच्यामागे उभी होती, महामार्ग आणि उद्याने. तिसरे होते पंपावर केव्हाही, हवे तेवढे मिळणारे स्वस्त पेट्रोल. गुंतवणूकदारांनी या तिन्ही गोष्टी जणू सृष्टिनियम आहेत असे मानले. समभागाची किंमत म्हणजे अखेर भविष्यातील नफ्याचा अंदाज. तो अंदाज बांधताना पाऊस, सूर्य आणि पेट्रोल पंप एकाच यादीत धरले गेले.

११/ १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून मोठ्या घोषणा केल्या. डॉलरचे सोन्यात रूपांतर बंद, आणि किमती व वेतने ९० दिवसांसाठी गोठवलेली. त्याच भाषणात मोटारींवरील ७ टक्के अबकारी कर हटवण्याचा प्रस्ताव होता. वर्षअखेरीस काँग्रेसने तो मान्य केला आणि हलक्या ट्रकांवरील करही काढला. साऱ्या वाहन उद्योगाला उधाण आले. विनेबागोची ती ४६२ टक्क्यांची वाढ याच वर्षातली. गावातल्या ज्या कुटुंबांनी कारखाना वाचवण्यासाठी थोडके पैसे घातले होते, त्यांतील कित्येक कागदोपत्री लक्षाधीश झाली.

१२/ परंतु किमती गोठवण्याच्या त्याच निर्णयात पुढच्या संकटाचे बीज होते, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ९० दिवस संपले, नियंत्रणे राहिली, निरनिराळ्या टप्प्यांत बदलत गेली. १९७३ च्या मार्चमध्ये बड्या तेल कंपन्यांच्या किमतींवर विशेष निर्बंध आले. जगात कच्चे तेल महागत होते, पण देशात विक्रीचा भाव बांधलेला. साहजिकच कंपन्यांनी आपल्या नेहमीच्या पंपांनाच माल दिला आणि स्वतंत्र पंपचालकांचा पुरवठा तोडला. त्या उन्हाळ्यात, म्हणजे ऐन सहलीच्या हंगामात, अनेक स्वतंत्र पंपांना टाळे लागले. अरब निर्यातबंदी तेव्हा अजून चार-पाच महिने दूर होती.

१३/ हा कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे, कारण विनेबागोचा समभागही निर्यातबंदीपूर्वीच उतरू लागला होता. त्यामागे इतर कारणेही होती. या धंद्यात नफा आहे हे पाहून अनेक नवे कारखाने उतरले. खुद्द जनरल मोटर्सने १९७३ साली स्वतःचे मोटरहोम बाजारात आणले. व्याजदर चढत होते, सप्टेंबरपर्यंत बँकांचा मूळ व्याजदर १० टक्क्यांवर गेला. तेव्हा सारे काही ऑक्टोबरात अचानक घडले, हे चित्र सोपे आहे पण खरे नाही.

१४/ ऑक्टोबरात मात्र जे घडले ते मोठेच होते. इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. १७ ऑक्टोबर १९७३ रोजी अरब तेल उत्पादकांनी उत्पादन घटवण्याचे ठरवले. १९ तारखेला निक्सन यांनी इस्रायलसाठी २२० कोटी डॉलरांची मदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी सौदी अरेबियाने अमेरिकेला तेल देणे थांबवले.

१५/ आता एक साधे गणित. त्या काळचे मोटरहोम एका गॅलनात साधारण ८ मैल जाई. १,००० मैलांच्या सहलीला १२५ गॅलन पेट्रोल लागे. १९७२ साली साध्या पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला सुमारे ३६ सेंट होता, म्हणजे खर्च ४५ डॉलर. १९७४ साली भाव सुमारे ५३ सेंट झाला, म्हणजे खर्च ६६ डॉलर. वाढ २१ डॉलरांची. ज्या कुटुंबाने या वाहनासाठी हजारो डॉलर मोजण्याची तयारी केली आहे, ते उन्हाळी सहलीमागे २१ डॉलर वाढले म्हणून बेत रद्द करील का? काही जण करतीलही. पण यामुळे अख्खा उद्योग निम्म्यावर येणार नाही.

१६/ आणि तो निम्म्यावर आला. १९७२ साली अमेरिकेतील कारखान्यांतून सर्व प्रकारची मिळून सुमारे ५ लाख ८० हजार सहल-वाहने बाहेर पडली होती. १९७४ साली हा आकडा ३ लाखांच्या खाली होता. भावाच्या गणिताने हे उलगडत नाही. ते उलगडते २५ नोव्हेंबर १९७३ च्या भाषणाने.

१७/ त्या रविवारी रात्री निक्सन यांनी देशातील पंपचालकांना आवाहन केले, की १ डिसेंबरपासून शनिवारी रात्री ९ पासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत विक्री बंद ठेवावी. कायद्याने सक्ती करण्याचा अधिकार तेव्हा सरकारकडे नव्हता. तरीही बहुसंख्य पंपचालकांनी ते मानले. लांबची भटकंती कमी व्हावी आणि लोकांनी घरीच राहावे, हाच या आवाहनाचा उघड हेतू होता. कारखान्याला, शेताला, ट्रकला, शाळेच्या बसला तेल मिळावे म्हणून कोणते पेट्रोल आधी कापायचे याची क्रमवारी सरकारला लावावी लागली, आणि त्या क्रमवारीत सहल सर्वांत खाली होती.

१८/ विनेबागो काय विकत होती? शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतण्याची मुभा. टाकी कितीही मोठी असली तरी रविवारी परतीच्या वाटेवर पंप बंद असेल ही शंका मनात आली, की शनिवारचा मुक्कामही धोक्यात येतो. दोनशे मैलांवर मुलाबाळांसह अडकून पडण्याची भीती २१ डॉलरांत मोजता येत नाही. लहान मोटारवाल्याने रविवार घरी काढला तर त्याची मोटार सोमवारी कामावर जायला उपयोगी पडते. मोटरहोमचा सोमवारी काही उपयोग नसतो. सरकारने एका वाराला हात घातला आणि नेमका तोच वार या कंपनीचे सारे उत्पन्न होता.

१९/ आणखी दोन निर्णय पाठोपाठ आले. २ जानेवारी १९७४ च्या कायद्याने देशभर वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. मोटरहोमला याचा थेट जाच फारसा नव्हता, ती वाहने तशीही सावकाश चालत. दुसरा निर्णय अधिक परिणामकारक ठरला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी आणीबाणीचा तेलवाटप कायदा झाला. त्यानुसार कोणत्या भागाला किती पेट्रोल, हे साधारणपणे १९७२ च्या खपावरून ठरू लागले. लोकांनी सहली थांबवल्या होत्या, पण सहलीच्या प्रदेशांना जुन्या खपाच्या हिशेबाने पेट्रोल मिळत राहिले. उलट शहरांत तासन्‌तास रांगा. म्हणजे ज्या डोंगरात आणि तळ्याकाठी मोटरहोम जायचे, तेथील टाक्या बऱ्याच अंशी भरलेल्या होत्या. पण तेथे जाण्यासाठी आधी शहरातून निघावे लागे, आणि शहरातील पंपावर 'पेट्रोल नाही' अशी पाटी.

२०/ याहून मोठी भीती अद्याप पुढे होती, शिधावाटपाची. सरकारने पर्यायी योजना तयार ठेवली होती. अठरा वर्षांवरील प्रत्येक परवानाधारक चालकाला कूपने द्यायची, महिन्याकाठी सरासरीने ४० गॅलनांहून कमी. मोटरहोमच्या हिशेबात याचा अर्थ महिन्याला फार तर ३२० मैल, तेही रोजच्या मोटारीत एक थेंब न घालता. १९७४ च्या आरंभी सुमारे ४८० कोटी कूपने छापूनही झाली. त्यांवर जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र होते. डॉलरची मोड देणारी यंत्रे ती खरी नोट समजून स्वीकारतात असेही नंतर लक्षात आले. कूपने कधीच वाटली गेली नाहीत. कोलोरॅडोतील लष्करी कोठारात दहा वर्षे पडून राहून ती १९८४ साली नष्ट करण्यात आली.

२१/ पण समभागाच्या किमतीवर परिणाम होण्यासाठी धोरण अमलात यावेच लागते असे नाही. ते येऊ शकते एवढे पुरे. खरेदीदार थांबतो. त्यामागे जो फेरा सुरू होतो तो समजून घेतल्याखेरीज ही घसरण कळणार नाही. मोटरहोम कारखान्यातून थेट गिऱ्हाइकाकडे जात नाही, ते जाते विक्रेत्याकडे. विक्रेता बँकेचे कर्ज काढून वाहने अंगणात उभी करतो आणि विकली जाईपर्यंत त्यावर व्याज भरत राहतो. गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी घटले तर विक्रेता कारखान्याकडील मागणी दहा टक्क्यांनी घटवत नाही. अंगणातला साठा संपेपर्यंत तो एकही वाहन मागवत नाही. शोरूममधील शिंक कारखान्यात न्यूमोनिया होऊन पोहोचते.

२२/ त्यात विनेबागो बहुतेक सुटे भाग स्वतःच बनवी. भिंती, फर्निचर, गाद्या, पडदे सारे फॉरेस्ट सिटीतच. तेजीत याचा लाभ होता, कारण प्रत्येक भागावरील नफा घरात राही. मंदीत हाच गुण गळ्याशी आला. बाहेरून माल घेणारा कारखानदार मागणी थांबवून मोकळा होतो. येथे यंत्रे, छपरे आणि माणसे सारी आपलीच. समभागाचा भाव दोन अंकी डॉलरांवरून एक अंकी डॉलरांवर आला. याच काळात डाऊ जोन्स निर्देशांकही जानेवारी १९७३ च्या १,०५१ वरून डिसेंबर १९७४ मध्ये ५७७ वर उतरला, सुमारे ४५ टक्क्यांनी. म्हणजे साऱ्या बाजाराचीच पडझड होती. विनेबागोची पडझड मात्र त्याहून कितीतरी खोल होती.

२३/ फॉरेस्ट सिटीच्या दृष्टीने याचा अर्थ काय होता, हे न्यूयॉर्कच्या आकड्यांतून दिसत नाही. मोठ्या शहरातील गुंतवणूकदाराच्या दहा समभागांपैकी एक बुडाला. या गावातील माणसाची नोकरी, त्याची बचत, त्याच्या घराची किंमत आणि शेजारच्या दुकानदाराची उधारी ही सर्व एकाच कंपनीच्या नावावर होती. कामगार कपात झाली तेव्हा पगार आणि पुंजी एकाच महिन्यात गेली. शेतीच्या अनिश्चिततेतून सुटण्यासाठी ज्या गावाने कारखाना आणला, ते आता वॉशिंग्टनमधील भाषणे तशीच ऐकू लागले जसे पूर्वी हवामानाचे अंदाज ऐकत असे.

२४/ १८ मार्च १९७४ रोजी बहुतेक अरब राष्ट्रांनी निर्यातबंदी उठवली आणि त्या वसंतात रविवारचे पंपही पूर्ववत उघडले. आता पुढचे पाहावे. पेट्रोल स्वस्त झाले नाही. १९७६ साली त्याचा सरासरी भाव ५९ सेंट होता, टंचाईच्या वर्षापेक्षाही अधिक. तरी त्या वर्षी देशात ४ लाखांहून अधिक सहल-वाहने तयार झाली. महाग पण हमखास मिळणारे पेट्रोल अमेरिकन कुटुंबाला चालत होते. स्वस्त पण मिळेल की नाही याची शाश्वती नसलेले पेट्रोल चालत नव्हते.

२५/ १९७९ साली इराणमधील क्रांतीनंतर सारे पुन्हा घडले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आठवडाअखेरीस पंप बंद ठेवण्याचा अधिकार मागितला. काँग्रेसने तो दिला नाही, पण चर्चेनेच व्हायचे ते नुकसान झाले. मे महिन्यात कॅलिफोर्नियात सम-विषम पद्धत आली. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहून एक दिवसाआड पेट्रोल मिळे. सेवानिवृत्त झालेला हॅन्सन त्याच वर्षी कंपनी सावरायला परत आला.

२६/ या खेपेस दुसरा घाव मध्यवर्ती बँकेने घातला. ६ ऑक्टोबर १९७९ रोजी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडून काढण्यासाठी पतपुरवठा आवळण्याचे धोरण जाहीर केले. १४ मार्च १९८० रोजी कार्टर यांनी ग्राहक कर्जांवर निर्बंधांची भर घातली. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ व्याजदर २१.५ टक्क्यांवर पोहोचला. मोटरहोम घेणारा कर्ज काढतो, आणि ते अंगणात उभे करणारा विक्रेताही कर्जच काढतो, हे वर आलेच आहे. एकाच वाहनावर दोन वेळा वीस टक्क्यांचा भार पडू लागल्यावर अनेक विक्रेत्यांनी धंदाच गुंडाळला.

२७/ १९७८ साली देशात सुमारे ३ लाख ९० हजार सहल-वाहने तयार झाली होती. १९८० साली जेमतेम १ लाखाच्या वर. विनेबागोला त्या आर्थिक वर्षात सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलरांचा तोटा झाला. जनरल मोटर्सने तर आपले मोटरहोम १९७८ सालीच बंद केले होते. तिच्यासाठी ते अनेक उत्पादनांपैकी एक होते. फॉरेस्ट सिटीकडे दुसरे उत्पादन नव्हते.

२८/ यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो गंभीर आहे. सरकारने रविवारचे पंप बंद ठेवण्यास सांगितले नसते, तर त्या हिवाळ्यात घरे तापवायला तेल पुरले असते का? निक्सन यांच्यापुढील पर्याय खरोखरच मोजके होते, आणि सहलीपेक्षा घरातील ऊब महत्त्वाची हे कोणीही मान्य करील. पण आधीच्या दोन वर्षांची किंमत-नियंत्रणे हा सक्तीचा पर्याय नव्हता. निवडणुकीच्या वर्षाच्या तोंडावर केलेली ती राजकीय सोय होती. १९७३ च्या उन्हाळ्यातील टंचाई तिचेच अपत्य.

२९/ २८ जानेवारी १९८१ रोजी, पद स्वीकारून आठवडा होतो न होतो तोच, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तेलाच्या किमतींवरील उरलीसुरली नियंत्रणे उठवली. पेट्रोल आणखी चढले. १९८० साली गॅलनला सुमारे १ डॉलर १९ सेंट असलेला सरासरी भाव १९८१ साली १ डॉलर ३१ सेंटांवर गेला, तोवरचा सर्वोच्च. व्याजदरही अद्याप वीस टक्क्यांच्या आसपासच घोटाळत होते. पण पंपांवर रांगा नव्हत्या, सम-विषम नव्हते आणि रविवारविषयी कोणी बोलत नव्हते. त्या वर्षी अमेरिकन कारखान्यांतून बाहेर पडलेल्या सहल-वाहनांची संख्या घटली नाही. आधीच्या वर्षापेक्षा ती सुमारे पंचवीस हजारांनी वाढली.